बाबांचा होकार

बाबांना लकवा झाला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. बोलण्यातले दोन शब्द तेवढे राहिले. व्हय म्हाराजा.

कोकणातल्या माणसाला हे दोन शब्द समजावून द्यावे लागणार नाहीत, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे गणपतीची पूजा झाली, नैवेद्य दाखवून झाला की घरातला कर्ता माणूस हातात नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. घरात काय बरं-वाईट चाललंय ते देवाला मोठ्याने सांगायचं आणि जे हवं ते मागायचं. त्यात लाजायचं नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाकी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, व्हय म्हाराजा. म्हणजे हे मागणं एकट्याचं नाही, इथे उभ्या असलेल्या सगळ्यांचं आहे.

बाबा त्यात पटाईत होते. गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडच्या एका कारखान्यात गोडाऊन सांभाळायला लागले, आम्ही लालबागची खोली सोडून मुलुंडला आलो आणि गावच्या घराला कुलूप लागल्यावर गणपतीही आमच्या मागोमाग इथे आला. बिल्डिंगमधली गुजराती मंडळीसुद्धा बाबांचं गाऱ्हाणं ऐकायला यायची. त्यांना कळायचं काही नाही, पण व्हय म्हाराजा मात्र ती बरोबर जागी म्हणायची. गाऱ्हाण्यात सगळं यायचं. माझी दहावी, धाकट्या भावाची नोकरी, टाकीतलं पाणी, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा गुडघा. माझं लग्नही यायचं. ‘ह्या माझ्या चेडवाचा खयतरी चांगल्या घरात जमव म्हाराजा,’ असं ते अख्ख्या बिल्डिंगसमोर मागायचे आणि दात-ओठ खात मला व्हय म्हाराजा म्हणावं लागायचं. मग एका वर्षी ते वाक्य आलंच नाही. मी चाळिशी ओलांडली होती. सुटले एकदाची, असं वाटायला हवं होतं. पण जेवताना मला रडू आलं आणि मी उसळ तिखट झाल्याचं सांगितलं.

गाऱ्हाण्याच्या शेवटी सगळेच देवाला म्हणतात की काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घे. बाबा त्यात स्वतःची भर घालायचे. ‘आमच्या हातान जां काय चुकला असात, तां आमका दाखव, आनी मगे पदरात घे म्हाराजा.’ आधी दाखव, मग पदरात घे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, असं का? ते म्हणाले, ‘न दाखवता पदरात घेतल्यान तर आमी परत तांच करतलंव.’ मला ते फार पटलं होतं. अजूनही पटतं, आणि अडचण तीच आहे.

मी शाळेत शिकवते. गेली काही वर्षं सातवीचा मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याकडे असतो. काय करावं ते कळेनासं झालं की आपल्या मनाला विचारावं, मन बरोबर उत्तर देतं, असं मी मुलांना सांगत आले आहे. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं आहे. मुलं ते उतरवून घेतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांचे डबे पळवतात.

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा बोलण्याचा भाग बिघडला की काहींच्या तोंडात एखादा शब्द अडकून राहतो. कुणाची शिवी राहते, कुणाचं देवाचं नाव. ते आपोआप बाहेर पडतं, त्यांना तेच म्हणायचं असतं असं नाही.

‘पण आम्ही बोलतो ते कळतं त्यांना?’ मी विचारलं.

‘थोडंफार कळत असणार. नेमकं किती, ते नाही सांगता येणार.’

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला त्यांचा राग आला. दुसरं कुणी राग काढायला समोर नव्हतंच.

तर जन्मभर ज्यांनी गाऱ्हाणं घातलं, त्यांच्याकडे फक्त मागे उभं राहून म्हणायचं ते उरलं. बाबा, चहा देऊ? व्हय म्हाराजा. पंखा बंद करू? व्हय म्हाराजा. दुखतंय का? व्हय म्हाराजा. दुखत नाहीये ना? व्हय म्हाराजा. एकदा वैतागून मी विचारलं, ‘बाबा, मी म्हैस आहे का?’ तर तेवढ्याच गांभीर्याने, ‘व्हय म्हाराजा.’ आई पदर तोंडाला लावून हसत सुटली आणि तिचं बघून बाबाही अर्ध्या तोंडाने हसले. त्या आजारपणात आम्ही तिघं एकत्र हसलो असे प्रसंग थोडेच, त्यातला हा एक.

भाऊ बोरिवलीला राहतो. मुलुंडहून बोरिवली म्हणजे लोकांना वाटतं इथून तिथे, पण आमच्या घरात ते पुण्यापेक्षा लांब आहे. तो व्हिडिओ कॉल करायचा. ‘बाबा, बरं वाटतंय ना?’ ‘व्हय म्हाराजा.’ ‘बघ ताई, एकदम मस्त आहेत! तू उगाच टेन्शन घेतेस यार.’ आणि फोन बंद. त्याला हवा तो होकार मिळालेला असायचा.

आईचं म्हणणं वेगळंच. तिला सगळे व्हय ओळखू येतात. मी बाबांना पेजेचा चमचा भरवायला घेतला आणि ते व्हय म्हाराजा म्हणाले की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘ता व्हय न्हय. नको म्हणतत ते.’

‘तुला तिकडून कसं कळलं?’

‘तुका काय कळता? माझो संसार झालो हा तेंच्यावांगडा.’

कधी तिचं बरोबर निघायचं, पेज ओघळून बाहेर यायची. कधी चुकायचं, तेव्हा ती गप्प बसायची. मला वाटायचं, हीसुद्धा आपल्याला हवं तेच ऐकते. पण असं म्हटलं तर मग मी काय ऐकते, हा प्रश्न आलाच. म्हणून मी ते कधी बोलले नाही.

माझं स्वतःचं काय चाललं होतं तेही सांगून टाकते. शाळा सुटली की मी स्टेशनवरून सरळ घरी न जाता बाजारातून जायचे. भाजी घ्यायची नसली तरी भाज्यांचे भाव विचारत फिरायचे. कोथिंबिरीच्या जुड्या हातात घेऊन परत ठेवायचे. घरी गेलं की कूस वळवणं, डायपर, पाठीवरची जखम, आईचा ओढलेला चेहरा, हे सगळं असायचं आणि ते जेवढं लांबणीवर पडेल तेवढं मला हवं असायचं. मग जिना चढताना मन खायचं. वर्गात असले की घरी नाही म्हणून खायचं, घरी असले की न तपासलेल्या वह्यांवरून खायचं. अपराधी वाटलं की माणूस सुधारतो, असं म्हणतात. मला रोज वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाजारातूनच जायचे.

त्या दिवशी मात्र बाजार नव्हता. पालकसभा होती, म्हणून उशीर झाला. बिल्डिंगच्या दारातच बाबांचा आवाज ऐकू आला. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, एकसारखं. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती भाभी दारात उभ्या होत्या. कौतुकाने म्हणाल्या, ‘आज अंकल दुपारपासून भक्तीमध्येच आहेत हां.’ मीही हसले. आज स्वारी खुशीत दिसतेय, असं माझ्याही मनात आलं. पायऱ्या मी नेहमीच्याच चालीने चढले.

चावीने दार उघडलं तर आई पलंग आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जमिनीवर पडलेली. चादर बदलताना पाय सरकला होता. मनगट भलत्याच बाजूला वळलेलं आणि कंबर हलवता येत नव्हती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता, म्हणून मग बाबा ओरडत होते. मान जेवढी वळेल तेवढी तिच्याकडे वळवून, घसा फाटेपर्यंत. सगळ्या बिल्डिंगने ते ऐकलं आणि सगळ्यांना वाटलं म्हातारा देवाचं नाव घेतोय. मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, व्हय म्हाराजा. मग त्यांचा आवाज एकदम थांबला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आईच्या हाताला प्लास्टर घातलं. पाठीचा मणका दबला होता. डॉक्टर म्हणाले, आता वजन उचलायचं नाही, कधीच नाही, पुन्हा पडल्या तर दोन पेशंट होतील. दिवसा बाई ठेवली. बाबांचं अंग जड, ती टिकली नाही. दुसरी आली, तिला आईने टिकू दिलं नाही. ‘तेंका ती ओढता, गोणपाट असल्यासारी,’ आई म्हणायची आणि एका हाताने स्वतःच उठायची. मी नोकरी सोडली असती, पण मग घर कशावर चालणार? रजा घेत होते, शाळेत बोलणी खात होते. एकदा बाबांची कूस वळवताना माझ्या हातून त्यांचा हात पलंगाच्या दांडीवर आपटला. मुद्दाम नव्हे. पण तितक्या हळुवारपणे मी तो धरला नव्हता, हे मला ठाऊक आहे. त्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

बदलापूरच्या पुढे एक जागा आहे. अशाच माणसांसाठी, नर्स असलेली, स्वच्छ. शाळेतल्या एका बाईंनी सांगितली. मी जाऊन बघून आले. वरखाली होणारे पलंग होते, खिडकीबाहेर आंब्याचं झाड होतं. तिथल्या व्यवस्थापक बाई मला चांगल्या वाटल्या. गणपतीनंतर जागा होईल म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘पण त्यांची स्वतःची तयारी आहे ना? मनाविरुद्ध आणलेली माणसं फार खंगतात हो. एकदा त्यांना नीट विचारा.’

विचारते, असं मी त्यांना म्हटलं. काय सांगणार होते, की त्यांचं उत्तर मला आधीच माहीत आहे?

आई फिजिओकडे गेली होती तेव्हा मी बाबांच्या उशाशी बसले. त्यांचा डावा, चांगला हात हातात घेतला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. आईचा मणका, माझी शाळा, न टिकणाऱ्या बाया, ती जागा, तो आंबा. रविवारी रविवारी येईन म्हटलं. बाबा टक लावून माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, ‘बाबा, जाल तिकडे?’

‘व्हय म्हाराजा.’

मी त्यांचा हात गालाला लावला. अंगावरून मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि मला ते वाटू द्यायचं होतं. उलटा प्रश्न एवढा जवळ होता, अगदी जिभेवर. बाबा, तुम्हाला इथेच राहायचंय का? तो मी विचारला नाही.

तो आईने विचारला. संध्याकाळी मी तिला म्हटलं की बाबा हो म्हणालेत, तर ती प्लास्टरचा हात सांभाळत पलंगाशी गेली आणि माझ्या देखत म्हणाली, ‘तुमका हयच रवाचा आसा ना?’

‘व्हय म्हाराजा.’

‘ऐकलंस?’ आई म्हणाली.

‘आई, ते सगळ्यालाच हो म्हणतात.’

‘मगे तुका म्हटल्यानी ता कित्याक खरा धरतंस?’

दोघींनी आपापला होकार काढून घेतला होता आणि ज्यांचा घेतला ते मधे पडून छताकडे बघत होते. मला त्यांची एवढी दया आली, आणि तरीही मी माझा होकार परत द्यायला तयार नव्हते.

भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘ताई, तुझ्या मनाला पटेल ते कर. मी तुझ्या बाजूने आहे.’ मला वाटलं, फोनमधून हात घालून त्याचा कान पिळावा. माझ्या मनावर टाकून मोकळा झाला. माझं मन म्हणजे काय, तर बाबांना पाठवायचं म्हटलं की त्यांचे ते वाहणारे डोळे पुढे आणायचं आणि ठेवायचं म्हटलं की भिंतीलगत पडलेली आई पुढे आणायचं. पाठवलं तरी खाणार, नाही पाठवलं तरी खाणार. ज्याला दोन्हीकडे खायला मिळतंय, त्याला विचारून काय उपयोग? सातवीच्या वर्गाला हे कसं सांगायचं ते मला कळेना.

गणपती आले. लकवा झाल्यापासून भाऊ मोबाइलमध्ये बघून गाऱ्हाणं वाचायचा, बातम्या द्याव्यात तसं. यंदा त्याने मोबाइल काढला तर आई म्हणाली, ‘ठेव ता. औंदा चेडू गाऱ्हाणा घालीत.’

आमच्याकडे बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी पाहिलं नव्हतं. भावाला मात्र सुटल्यासारखं झालं. ‘झकास! ताई, तूच घाल.’ आईच्या मनात काय होतं ते मला तेव्हाच कळलं. देवासमोर उभं राहून, सगळ्यांच्या तोंडावर, ही बाबांना पाठवायचं बोलूच शकणार नाही, असा तिचा हिशेब. हातात नारळ आला की बाबांना ह्याच घरात बरं कर, असंच माझ्या तोंडून निघेल.

बाबांचा पलंग आम्ही त्यांना मूर्ती दिसेल असा फिरवला होता. पाठीला उशा लावून बसवलं होतं. आईने त्यांना पांढरा सदरा घातला होता, गाऱ्हाण्याच्या दिवसाचा. बिल्डिंगमधली चार माणसं, भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली. मी नारळ घेतला. माझी मालवणी म्हणजे ऐकून ऐकून आलेली, बोलायची सवय नाही. तरी ते शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत म्हणवेनात.

‘बा गणपती म्हाराजा, वरसाच्या वरसाक आमी तुझी सेवा करतंव, ती गोड मानून घे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा!’ सगळ्यांत वरचा आवाज पलंगावरून आला. त्यांचा चेहरा उजळला होता.

‘माझ्या भावाच्या चेडवांका चांगली बुद्धी दी म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा!’

‘आयेच्या हाताक आनी पाठीक बरा वाटांदे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा!’ बाबांचा आवाज इतका लागला की गुजराती भाभींनी वळून त्यांच्याकडे हात जोडले.

तिथे थांबायला हवं होतं का, ते मला आजही ठरवता येत नाही. देवाला सांगायचं तर घरात जे चाललंय तेच सांगायचं, हे बाबांनीच शिकवलेलं. मी म्हटलं, ‘ह्या घराचो धनी आता दुसऱ्या जाग्यार रवाक जातलो म्हाराजा. आमची ताकद संपली. तेंका थंय सुखी ठेव म्हाराजा.’

भाऊ पुटपुटला. वहिनीने ओठ हलवले. भाभींनी नेहमीप्रमाणे जोरात म्हटलं आणि एकट्याच पडल्या म्हणून ओशाळल्या. आईने तोंड घट्ट मिटलं होतं. आणि पलंगावरून काहीच आलं नाही.

मी वाट बघितली. भावाच्या मुलीसुद्धा आजोबांकडे बघायला लागल्या. बाबा जागे होते. ते मूर्तीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, दुःखाने नाही, नुसतं बघत होते.

‘आमच्या हातान जां काय चुकता असात, तां आमका दाखव,’ एवढं मी म्हटलं आणि पुढचं निघेना. पदरात घे, हे दोन शब्द राहिलेच. नारळ हातात तसाच. भावाने घाईघाईने टाळ्या वाजवत पुन्हा आरती सुरू केली.

त्या दिवसापासून बाबा व्हय म्हाराजा म्हणाले नाहीत. चहा देऊ? शब्द नाही. दुखतंय? शब्द नाही. एकांतात मी म्हैस आहे का तेसुद्धा विचारून बघितलं. तोंड उघडं, डोळे माझ्यावर, आवाज नाही.

‘बघलंस?’ आई म्हणाली. ‘नाय म्हणाले ते. आनी कसा म्हणूचा तेनी?’

डॉक्टरांनी पुन्हा डोक्याचा फोटो काढायला लावला. म्हणाले, एक बारीकसा नवा झटका येऊन गेला असावा, त्यात उरलेलंही गेलं असेल. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, असावा. कधी आला असेल? तेही सांगता येत नाही. भाऊ म्हणाला, योगायोग गं ताई, तू उगाच मनाला लावून घेतेस. आईला पक्कं माहीत आहे, भावाला पक्कं माहीत आहे. मीच तेवढी ‘असावा’ या एका शब्दावर दिवस काढते आहे.

त्यानंतर मी खूप विचार केला असं म्हणता आलं असतं, पण तसं नव्हतं. विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं असं धरलं तरी त्यांना उचलणार कोण होतं? विसर्जनानंतर दोन दिवसांतच आई पुन्हा बाथरूमच्या दाराशी तोल जाताना वाचली. मी बदलापूरला फोन केला. व्यवस्थापक बाईंनी विचारलं, ‘त्यांच्याशी बोललात ना?’ मी म्हटलं, ‘हो, बोलले.’ ते खोटं नव्हतं.

न्यायच्या दिवशी आईने डाव्या हाताने त्यांच्या डोक्याला तेल लावलं, भांग पाडला. तो पांढरा सदरा घातला. लिफ्ट नाही, म्हणून चार माणसांनी त्यांना खुर्चीत बांधून खाली नेलं. भाभी पहिल्या मजल्यावर हात जोडून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, अंकल दरवेळी म्हणतात तसं काहीतरी म्हणतील. मी मागोमाग उतरत होते आणि प्रत्येक पायरीला देवाकडे एकच मागत होते, की त्यांनी एकदा, कशालाही, व्हय म्हाराजा म्हणावं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, ‘बाबा, निघूया?’ ते खिडकीतून वर, आमच्या गॅलरीकडे बघत राहिले. आई गॅलरीत आली नव्हती.

आता तिथे सगळं चांगलं चाललंय. पाठीवरची जखम भरली. चेहऱ्यावर थोडं मांसही आलंय. आई घरी सलग झोपते, तिच्या पाठीला आराम आहे. माझ्याशी ती बोलते, पण भाजीत मीठ किती आणि लाइटचं बिल आलं का, एवढंच. शाळा सुटली की मी आता सरळ घरी येते. बाजारातून जायची गरज राहिली नाही. जिना चढताना मन खातं ते खातंच, त्याला नवीन काहीतरी मिळालंय. मूल्यशिक्षणाच्या तासाला मी हल्ली मुलांना धडा मनात वाचायला सांगते आणि खिडकीशी उभी राहते.

माझ्या वाटेचं मी पुन्हा पुन्हा तपासून बघते. देवाला म्हटलं होतं, चुकत असेल तर दाखव. बाबांचं ते गप्प होणं म्हणजे दाखवणंच होतं का? असेल, तर मी ते बघितलं आणि तरीही त्यांना पाठवलं. नसेल, तर मी एका बारीकशा झटक्यावरून स्वतःला जन्मभर सोलत बसणार. दोन्हींतलं कुठलं, हे सांगू शकणारा एकच माणूस आहे आणि तो बोलत नाही.

रविवारी मी जाते. तिथली एक आया मला म्हणाली, ‘ताई, बाबा पहिलेपासून मुकेच आहेत का?’ मी म्हटलं, ‘नाही गं. गाऱ्हाणं घालायचे.’ ती नागपूरकडची, तिला काही कळलं नाही. ‘भांडायचे का?’ तिने विचारलं. मी हो म्हटलं, कोण समजावत बसणार.

आया गेली की मी खुर्ची पलंगाजवळ ओढते आणि हळू आवाजात गाऱ्हाणं घालते. माझी मालवणी आता जरा सुधारली आहे. आईचा हात, भावाच्या मुलींची परीक्षा, टाकीतलं पाणी, भाभींच्या घरचं लग्न. प्रत्येक वाक्यानंतर थांबते, त्यांच्यासाठी जागा सोडते. आंब्यावर पाखरं ओरडत असतात. शेवटी त्यांचं ते वाक्य येतं. आमच्या हातान जां काय चुकला असात, तां आमका दाखव, आनी मगे पदरात घे म्हाराजा. बाबा माझ्याकडे बघत असतात. मी थांबते, त्यांच्या ओठांकडे बघत राहते. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाहीये ना ते बघून मीच म्हणते, व्हय म्हाराजा.